आधि आणि व्याधि : श्रीरमण महर्षींचा जीवनबोध

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्याला होणाऱ्या पीडेसाठी दोन निरनिराळे शब्द योजिले आहेत. देहाला होणारी पीडा ती व्याधि आणि मनाला होणारी पीडा ती आधि. व्यवहारात मात्र आपण दोहोंनाही दुःख असे एकच नाव देतो आणि त्यामुळे दोहोंची गल्लत करून बसतो. दाढ दुखू लागते. ती दुखते घटका दोन घटका. पण ही उद्याही अशीच दुखेल काय, यातून काही भलतेच तर निघणार नाही ना, नेमके माझ्याच वाट्याला हे का यावे, अशा विचारांनी रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी वैद्याकडे जाऊन आपण सांगतो की रात्रभर दाढ दुखली. खरे पाहता दाढ थोडी दुखली आणि मन पुष्कळ दुखले. वैद्य दाढेला औषध देतो. मनाचे दुखणे आपण न सांगितल्यामुळे तसेच घरी परत येते.

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभच या आधीपासून झाला आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या हातून गांडीव गळून पडले, त्वचेचा दाह होऊ लागला, अंग कापू लागले, तेव्हा त्याच्या देहाला एकही बाण लागलेला नव्हता. युद्ध सुरूच झाले नव्हते. पुढे अठरा दिवस ज्या वीराने अंगावर असंख्य बाण झेलले, तो वीर एकही बाण सुटण्यापूर्वी रथात खाली बसला. भगवंतांनी ज्या पीडेवर उपदेश केला ती देहाची पीडा नव्हे, ती मनाची पीडा होय.

प्रस्तुत लेखक बरीच वर्षे संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम करीत आला आहे. दुसऱ्या अध्यायात शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख देणारे विषयांचे संपर्क येतात व जातात, ते तू सहन कर, असे भगवंत सांगतात. आणि लागलीच पुढच्या श्लोकात, ज्याला हे संपर्क व्यथित करीत नाहीत त्या धीर पुरुषाचा महिमा वर्णितात. त्याच श्लोकात त्या पुरुषाला सुखदुःखांच्या ठायी सम असे विशेषण दिले आहे. म्हणजे दुःख त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते, व्यथा मात्र पोहोचत नाही. व्यथ् या धातूचे भिणे आणि हलणे असे अर्थ वैयाकरणांनी दिले आहेत. पूर्वी एका भाषांतरात या दोन्ही शब्दांच्या जागी प्रस्तुत लेखकाने एकच मराठी शब्द घातला होता. वाक्य सुबोध झाले, पण श्लोकातील भेदच नाहीसा झाला. ज्ञानी पुरुषाला काही दुखतच नाही, असा विपरीत अर्थ त्यातून निघू लागला.

मग दुखते आहे आणि तरीही जो हलत नाही, असा पुरुष असतो तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर कोशात मिळत नाही, चरित्रात मिळते. असे एक चरित्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या या भारतभूमीवर, सहस्रावधी लोकांच्या डोळ्यांसमोर घडले. ते चरित्र म्हणजे तिरुवण्णामलै येथील भगवान श्रीरमण महर्षींचे.

तामिळ देशात मदुरेजवळ तिरुचुळी नावाचे एक क्षेत्र आहे. तेथे सुंदरम् अय्यर नावाचे सद्गृहस्थ वकिली करीत. त्यांच्या पत्नीचे नाव अळगम्माळ. या दांपत्याच्या पोटी 30 डिसेंबर 1879 रोजी, आर्द्रादर्शनाच्या पर्वावर, द्वितीय पुत्र जन्मास आला. त्याचे नाव वेंकटरामन असे ठेवण्यात आले. 1892 मध्ये पित्याचे छत्र हरपले आणि वेंकटरामन आपल्या थोरल्या भावासह मदुरेस चुलत्याच्या घरी राहू लागला. या मुलाच्या ठायी लोकोत्तर असे कोणालाही काही दिसले नाही. शरीराने तो बळकट होता, पोहण्यात व खेळांत पटाईत होता, अभ्यासात त्याचे मन फारसे रमत नसे.

एका गोष्टीची मात्र सोबत्यांत चर्चा होई. त्याची झोप विलक्षण गाढ होती. जागेपणी ज्यांना त्याच्या अंगबळाची भीती वाटे, ती मुले त्याला झोपेतच उचलून बाहेर नेत, यथेच्छ बडवीत आणि पुन्हा आणून अंथरुणावर ठेवीत. सकाळी कोणी सांगितले तरच त्याला ते कळे. देहाला मार बसला, पण त्या माराला माझा म्हणणारे मन तेथे जागे नव्हते, म्हणून दुःखही झाले नाही. परंतु वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, ही झोप होती, ज्ञान नव्हे. निद्रेत मनाचा लय होतो आणि जागे होताच ते आपल्या सर्व भयांसह पुन्हा उभे राहते. झोपेने दुःख टळते, सुटत नाही. त्या मुलाचे मन पुढे कसे उभे राहिले ते आता पाहू.

1896 सालच्या जुलै महिन्याची गोष्ट. वेंकटरामनचे वय त्या वेळी सोळा वर्षांचे होते. चुलत्याच्या घरी माडीवरच्या खोलीत तो एकटाच बसला होता. ताप नाही, कफ नाही, कोणताही विकार नाही. अशा स्थितीत, काहीही निमित्त नसता, आपण आता मरणार या भयाने त्याला एकाएकी ग्रासले. हे भय इतके तीव्र होते की, मृत्यू समोर येऊन उभा आहे असेच त्याला वाटले.

आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर आपण काय करू? कोणाला तरी हाक मारू, पाणी मागू, वैद्याला बोलावू, निदान दुसरीकडे लक्ष गुंतवू. या मुलाने यांपैकी काहीच केले नाही. भय आले आहे तर त्याचा निकाल आपणच आणि आत्ताच लावावा असे त्याने ठरविले. तो जमिनीवर आडवा झाला. हातपाय प्रेतासारखे ताठ केले, ओठ घट्ट मिटले, श्वास रोधून धरला, आणि विचार करू लागला की, समजा, हा देह मेला. आता याला उचलून स्मशानात नेतील, याची राख होईल. पण या देहाबरोबर मीही मेलो काय? देह तर निश्चेष्ट पडला आहे, आणि तरीही मी आहे ही जाणीव आत अखंड तेवते आहे. तेव्हा मरणारा तो देह, मी त्याहून निराळा. हा केवळ तर्क नव्हता. त्या खोलीत त्याला हा साक्षात् अनुभव आला, आणि त्या घटकेपासून मृत्यूचे भय जे गेले ते पुन्हा कधी परतले नाही.

या प्रसंगाचे एक वैशिष्ट्य पुष्कळदा नजरेतून सुटते. येथे व्याधि मुळीच नव्हती, होती ती निव्वळ आधि. देह ठणठणीत होता आणि मन मरणाच्या दारी बसले होते. यावरून असे दिसते की मनाच्या पीडेला देहाच्या पीडेची गरज नसते. ती स्वतःच्याच पायांवर उभी राहू शकते. चरित्राच्या शेवटी आपल्याला याच्या उलट चित्र दिसणार आहे. म्हणून हे पहिले चित्र वाचकांनी मनात जपून ठेवावे.

यानंतर शाळेतील अभ्यास कसाबसा चालला. अभ्यास चुकल्याची शिक्षा म्हणून व्याकरणाचा धडा लिहीत असता मुलगा वही बाजूला सारून ध्यानस्थ बसला, हे पाहून थोरल्या भावाने त्याला टोचून बोलले. ते बोलणे त्याला खरेच पटले. 29 ऑगस्ट 1896 रोजी, भावाच्या शुल्काच्या पाच रुपयांपैकी तीनच रुपये प्रवासासाठी घेऊन आणि एक चिठ्ठी लिहून ठेवून तो घराबाहेर पडला. वाटेत पैसे संपले तेव्हा त्याने कानातली भिकबाळीसारखी कुंडले गहाण ठेवली, आणि 1 सप्टेंबर रोजी तो अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या तिरुवण्णामलै क्षेत्री पोहोचला. पुढील चौपन्न वर्षांत त्याने ते स्थान सोडले नाही.

अरुणाचलेश्वराच्या विशाल मंदिरात प्रथम तो सहस्रस्तंभ मंडपात बसला. उनाड पोरे दगड मारू लागली, म्हणून तो भूमीखालच्या पाताळलिंगाच्या अंधाऱ्या गुहेत जाऊन बसला. तेथे सूर्यप्रकाश नव्हता, माणसाची वर्दळ नव्हती. ओल, मुंग्या आणि किडे मात्र भरपूर होते. समाधीत बुडालेल्या त्या तरुणाच्या मांड्या किड्यांनी खाल्ल्या, त्यांतून रक्त व पू वाहू लागला, तरी त्याला भान नव्हते. शेषाद्रिस्वामी नावाचे एक सत्पुरुष त्याची काळजी वाहत. अखेर काही सज्जनांनी त्याला उचलून बाहेर आणले. त्या जखमांचे व्रण त्याच्या मांड्यांवर जन्मभर राहिले.

हा प्रसंग वाचून पुष्कळ भाविक भारावून जातात आणि देहाची अशी उपेक्षा हेच अध्यात्म असे समजतात. परंतु स्वतः महर्षींनी पुढे कधीही कोणाला असे करण्यास सांगितले नाही. देहाला कष्टविण्याचा त्यांनी उपदेश केला नाही. सात्त्विक आहार मितपणे घ्यावा, असे ते सांगत. संसार टाकून येऊ इच्छिणाऱ्या गृहस्थांना ते बहुधा परत पाठवीत; घर सोडले तरी मन बरोबरच येते, तेव्हा आहे तेथेच राहून मनाचा शोध घ्यावा, असा त्यांचा अभिप्राय असे. गीतेनेही सतराव्या अध्यायात देहाला व्यर्थ पीडा देणाऱ्या घोर तपाचा निषेधच केला आहे. पाताळलिंगात देहभान हरपले होते ही एका अवस्थेची गोष्ट. महर्षींची थोरवी त्यानंतरच्या काळात आहे, जेव्हा देहभान परत आले आणि तरीही शांती ढळली नाही.

या तरुणाचा ठावठिकाणा पुढे घरच्यांना लागला. 1898 सालच्या अखेरीस माता अळगम्माळ थोरल्या मुलासह तेथे आली. पवळक्कुन्रु नावाच्या टेकडीवर जटा वाढलेला, कृश झालेला, लंगोटी लावून बसलेला आपला मुलगा पाहून त्या माउलीच्या हृदयाची काय अवस्था झाली असेल, ते आईवाचून दुसऱ्या कोणाला कळणार? ती रोज येई, खाऊ आणी, रडे, घरी चल म्हणून विनवी. मुलगा मौन धरून बसे. अखेर लोकांच्या आग्रहावरून त्याने कागदावर उत्तर लिहून दिले. त्याचा आशय असा होता की, प्राण्यांच्या प्रारब्धानुसार ईश्वर त्यांना चालवितो; जे व्हायचे नाही ते प्रयत्नानेही होत नाही आणि जे व्हायचे ते टळत नाही; तेव्हा शांत राहणे हेच उत्तम. आई रडत परत गेली.

कोणी म्हणेल की हे फार निष्ठुर झाले. आईची ही आधि मुलाला दिसली नाही काय? याचे उत्तर देण्यास चरित्रात आणखी सोळा वर्षे पुढे जावे लागते. मधल्या काळात हा तरुण पर्वतावरील विरूपाक्ष गुहेत राहू लागला होता. 1907 मध्ये काव्यकंठ गणपति मुनी या प्रकांड संस्कृत पंडिताने त्याच्या चरणी शरण जाऊन त्याला भगवान श्रीरमण महर्षि असे नाव दिले होते. 1914 च्या सुमारास आई भेटीस आली असता तिला विषमज्वराने गाठले. तेव्हा याच महर्षींनी तिच्या उशाशी बसून रात्रंदिवस तिची शुश्रूषा केली, आणि आईचा ज्वर हरण कर अशी अरुणाचलेश्वराला प्रार्थना करणारे श्लोक तामिळ भाषेत रचले. स्वतःच्या देहासाठी ज्यांनी जन्मात काही मागितले नाही, त्यांनी आईच्या देहासाठी मागितले. आई बरी झाली. 1916 मध्ये ती कायमची मुलाजवळ येऊन राहिली. मुलाने तिला परत घरी नेले नाही, परंतु हळूहळू तिची आधि मात्र दूर केली. 19 मे 1922 रोजी तिचा अंतकाळ आला, तेव्हा महर्षि दिवसभर एक हात तिच्या हृदयावर आणि एक हात तिच्या मस्तकावर ठेवून बसले होते. रात्री आठच्या सुमारास तिने देह ठेवला, तेव्हाच ते उठले. तिच्या समाधीभोवतीच पुढे श्रीरमणाश्रम उभा राहिला.

महर्षींच्या ठिकाणी आधि नव्हती म्हणजे त्यांचे हृदय पाषाणाचे होते असे मानणाऱ्याने हा प्रसंग आठवावा. आश्रमातली लक्ष्मी नावाची गाय 1948 च्या जून महिन्यात मरणोन्मुख झाली, तेव्हाही ते गोठ्यात जाऊन तिच्याजवळ बसले आणि तिचे मस्तक त्यांनी कुरवाळले. दुसऱ्याची पीडा त्यांना आपल्या पीडेपेक्षा अधिक दिसे.

आपल्या पीडेविषयी त्यांची दृष्टी कशी होती ते दोन प्रसंगांवरून कळते. एकदा पर्वतावर झाडीतून जात असता त्यांची मांडी गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागली. माश्या उसळल्या आणि त्या नेमक्या त्याच पायाला डसू लागल्या. महर्षि पळाले नाहीत. नकळत का होईना, या पायाने त्यांचे घर मोडले आहे, तेव्हा त्यांचा राग योग्यच आहे, असे म्हणून ते स्तब्ध उभे राहिले. पाय सुजला, त्याच्या वेदना झाल्या. पण त्या वेदनांबरोबर माश्यांविषयी रोष निर्माण झाला नाही आणि आपण निरपराध असून हे भोगतो आहोत ही तक्रारही निर्माण झाली नाही.

दुसरा प्रसंग 26 जून 1924 च्या रात्रीचा. आश्रमात धन असेल या समजुतीने चोर आले. आत जे असेल ते घेऊन जा असे महर्षींनी त्यांना शांतपणे सांगितले, आश्रमवासीयांना बाहेर काढले, आणि शोधायला दिवा मागितला तेव्हा दिवाही देवविला. बाहेर पडताना चोरांनी सर्वांना काठ्यांनी मारले. महर्षींच्या डाव्या मांडीवर तडाखा बसला. तेवढ्याने समाधान झाले नसेल तर दुसऱ्या पायावरही मारा, असे ते म्हणाले. एक तरुण शिष्य संतापून लोखंडी कांब घेऊन धावला, त्याला त्यांनी आवरले. चोरांचा धर्म चोरांनी केला, आपला धर्म आपण सोडू नये. दातांनी जीभ चावली तर दात पाडून टाकायचे काय, असे त्यांनी त्याला समजाविले. चोर गेल्यावर त्यांनी इतरांच्या जखमांना औषध लावण्यास सांगितले. मांडीवरचा वळ सर्वांच्याच होता. संताप मात्र ज्याच्या त्याच्या मनाचा होता, आणि महर्षींच्या मनात तो नव्हता.

गीतेशी महर्षींचा संबंध वाचकांना ठाऊक असावा म्हणून येथे सांगतो. सातशे श्लोक नित्य ध्यानात ठेवणे कठीण आहे, तेव्हा सारभूत असा एखादा श्लोक सांगावा, अशी एका भक्ताने विनंती केली असता, सर्व भूतांच्या हृदयात राहणारा आत्मा मीच असे ज्यात भगवंत सांगतात, तो दहाव्या अध्यायातील विसावा श्लोक त्यांनी दाखविला. पुढे त्यांनी गीतेतील बेचाळीस श्लोक निवडून ते आपल्या क्रमाने लावले व त्यांचे तामिळ भाषांतर केले. तेच गीतासार म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु गीतेवरील त्यांचे खरे भाष्य त्यांच्या जीवनाच्या अखेरच्या चौदा महिन्यांत लिहिले गेले, असेच म्हणावे लागते.

1948 च्या अखेरीस त्यांच्या डाव्या कोपराजवळ एक लहानशी गाठ दिसू लागली. फेब्रुवारी 1949 मध्ये ती कापून काढली. महिन्याभरातच ती पुन्हा आली, पूर्वीपेक्षा मोठी होऊन. मार्चमध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि तपासणीत ती गाठ सार्कोमा या जातीचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. खांद्यापासून हातच काढून टाकावा असा सल्ला डॉक्टरांनी दिला. तो मात्र महर्षींनी मानला नाही. हा देहच मुळात एक रोग आहे, त्याचा शेवट त्याच्या क्रमाने होऊ द्यावा, असे त्यांनी सांगितले. यापलीकडे त्यांनी कोणत्याही उपचाराला नकार दिला नाही. रेडियमचे उपचार झाले; ऑगस्टमध्ये तिसरी आणि डिसेंबरमध्ये चौथी शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात आयुर्वेद, होमिओपॅथी, गावठी झाडपाला, ज्याने जे आणले ते सर्व त्यांनी घेतले. आपल्याला बरे व्हायचे आहे म्हणून नव्हे, आणणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून.

गाठ वाढत होती, त्यातून रक्तस्राव होत होता, देह क्षीण होत चालला होता. दुखते काय असे कोणी विचारले तर दुखत नाही असे खोटे त्यांनी सांगितले नाही. देहाला वेदना आहे, ती वेदना देहाची आहे, एवढेच ते सुचवीत. आपण पुष्कळदा पाहतो की काही माणसे दुखणे लपवितात आणि लोक त्यांना धैर्यवान म्हणतात. लपविणे हीसुद्धा मनाचीच एक धडपड आहे. तीही महर्षींच्या ठिकाणी नव्हती. वेदना होती म्हणून ती नाकारली नाही, आणि ती माझी म्हणून कुरवाळलीही नाही.

या काळात आश्रमात खरे व्याकूळ कोण होते? ज्यांच्या देहाला काहीही झालेले नव्हते ते भक्त. कोणी कोपऱ्यात बसून अश्रू ढाळी, कोणी उपास करी, कोणी आमच्यासाठी तरी रोग बरा करून घ्या म्हणून हट्ट धरी. व्याधि एका देहात होती आणि आधि शेकडो मनांत होती. 1896 साली मदुरेच्या खोलीत जे चित्र होते त्याच्या बरोबर उलट हे चित्र! तेव्हा निरोगी देहात भयभीत मन होते. आता रोगाने पोखरलेल्या देहात भयाचा लवलेश नव्हता. रोग्यानेच सभोवतालच्या निरोगी लोकांचे सांत्वन करावे असा तो प्रकार झाला. जेवण झाल्यावर पत्रावळ कोणी जपून ठेवतो काय, असे ते भक्तांना विचारीत. मी जाणार म्हणून तुम्ही रडता, पण मी जाणार तरी कोठे, असेही त्यांनी विचारले. दर्शनाला येणाऱ्या कोणालाही परत पाठवू नये असा त्यांचा आग्रह होता, आणि अगदी शेवटच्या दिवसापर्यंत लोकांना दर्शन घडत राहिले.

14 एप्रिल 1950 चा तो दिवस. सायंकाळी लोकांची रांग त्या लहानशा खोलीसमोरून सरकत गेली. नंतर त्यांनी आपल्याला उठवून बसविण्यास सांगितले. डॉक्टरांनी प्राणवायू देऊ केला, तो त्यांनी हाताने दूर सारला. बाहेर ओवरीवर भक्तमंडळी, त्यांनीच पूर्वी रचलेले अरुणाचलाचे स्तोत्र गाऊ लागली. ते ऐकून त्यांचे डोळे क्षणभर उघडले, मुखावर स्मित उमटले आणि डोळ्यांच्या कडांतून आनंदाचे अश्रू ओघळले. रात्री 8 वाजून 47 मिनिटांनी श्वास थांबला. ना धडपड, ना आचका. त्याच वेळी एक तेजस्वी उल्का आकाशातून अरुणाचलाच्या दिशेने जाताना अनेकांनी पाहिली. ज्या खोलीत हे घडले ती आश्रमात आजही जपून ठेवलेली आहे.

आता आपल्यासारख्या गृहस्थांनी या चरित्रातून काय घ्यावे? आपण महर्षि नाही. काटा रुतला तरी आपण घर डोक्यावर घेतो. तरीसुद्धा काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट, व्याधीवर औषध घ्यावेच. महर्षींनी चार शस्त्रक्रिया करून घेतल्या. औषध टाळणे म्हणजे वैराग्य नव्हे. मनाचेही काही विकार असे असतात की ते रोगच होत; त्यांत माणसाला झोप लागत नाही, अन्न जात नाही, जगणे नकोसे होते. चरकाचार्यांनी शरीराप्रमाणे मनाचेही दोष सांगून त्यांची चिकित्सा सांगितली आहे, आणि आजच्या वैद्यकातही त्यांवर उपचार आहेत. अशा रोग्याला वैद्याकडे न नेता केवळ उपदेश पाजीत राहणे हे पाप आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आधि आणि व्याधि यांचा हा विवेक स्वतःसाठी आहे, दुसऱ्याच्या अंगावर फेकण्यासाठी नव्हे. घरात म्हातारे आईवडील कण्हत असता, तुम्ही देह नव्हे असे त्यांना ऐकविणाऱ्या मुलाने गीता वाचली असेल, पण ती त्याला कळलेली नाही. महर्षींनी तापाने फणफणलेल्या आईला वेदान्त ऐकविला नाही. तिच्या उशाशी बसून त्यांनी तिचा ताप उतरावा म्हणून प्रार्थना केली. आपले दुखणे असेल तेव्हा विचार करावा. दुसऱ्याचे दुखणे असेल तेव्हा सेवा करावी.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. पुढच्या वेळी ताप येईल, गुडघा धरेल, दाढ ठणकेल, तेव्हा औषध घेऊन झाल्यावर क्षणभर स्वस्थ पडावे आणि स्वतःला विचारावे की, यात देहाचे किती आणि मनाने घातलेली भर किती? ठणका देहाचा आहे. उद्याची चिंता, कालची हळहळ, शेजाऱ्याशी केलेली तुलना, देवावरचा रुसवा, ही सारी मनाची भर आहे. ठणका आपल्या हातात नाही; भर पुष्कळशी आपल्या हातात आहे. एवढा हिशेब मांडता आला, तरी पीडेचे ओझे बरेच हलके होते. आणि मग त्याच्याही पुढे जाऊन, ही भर घालणारा, हे माझे म्हणणारा मी कोण, असे सोळा वर्षांच्या त्या मुलाने विचारले तसे विचारता आले, तर त्याहून मोठे भाग्य नाही.

देह आहे तोवर व्याधि येणार. त्या राजालाही आल्या, रंकालाही आल्या, अवतारतुल्य महापुरुषांनाही आल्या. त्यांच्याबरोबर आधीला घरात घ्यावे की न घ्यावे, एवढेच काय ते आपल्या हाती आहे. ज्या भगवंतांनी रणांगणावर अर्जुनाचा विषाद दूर केला, त्या पार्थसारथीने आपल्या सर्वांच्या देहपीडा सुसह्य कराव्यात, मनःपीडा समूळ नष्ट कराव्यात, आणि दुसऱ्याच्या पीडेसमोर आपले हृदय नित्य कोमल ठेवावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.